अंडं कुठंय?

पहिल्यांदा तो धागा दिसला तेव्हा मला वाटलं, डब्यात कोळी शिरलाय. प्लेन टायगर फुलपाखराचा कोश झाकणाला टांगलेला होता आणि त्यातून एक पांढुरका, ओलसर धागा सरळ तळापर्यंत लोंबत होता. धाग्याखाली टिश्यूपेपरवर तांदळाच्या दाण्याएवढी एक पिवळट मॅगॉट, म्हणजे माशीची बिनपायांची अळी, वळवळत होती. मी बघत असतानाच कोशातून दुसरी निघाली, तसाच धागा सोडत खाली उतरली आणि कागदाच्या घडीत शिरली. सकाळी दोघींच्या जागी दोन लालसर तपकिरी कुप्या होत्या. कोश काळा पडला होता. त्यातून फुलपाखरू येणार नव्हतं.

मी कोथरूडच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. दर श्रावणात वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूला जाऊन रुईच्या पानांवरच्या अळ्या आणते, मुलांसमोर वाढवते आणि कोशातून फुलपाखरू निघतं तो तास सगळ्या वर्गाला दाखवते. त्या वर्षी सतरा कोशांपैकी सहांतून माश्या निघाल्या. मुलं हिरमुसली, पण दोन दिवसांत त्यांचं सगळं लक्ष त्या कुप्यांकडे लागलं. साधारण दहा दिवसांनी एका कुपीचं टोक झाकणासारखं उघडलं आणि माशीचं डोकं बाहेर आलं. तिच्या कपाळातून एक पांढरा फुगा फुगत होता, आत जात होता, पुन्हा फुगत होता. या फुग्याच्या जोरावरच ती टरफल फोडते. बाहेर आल्यावर तो कपाळात कायमचा मिटतो आणि मागे फक्त एक शिवण उरते. मुलांनी श्वास रोखून पाहिलं. मग पहिल्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, हिचं नाव काय?"

"परजीवी माशी," मी म्हणाले.

"ते तिचं काम झालं. नाव काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात माझी तीन वर्षं गेली.

कुल कोणतं, हे तसं लवकर कळलं. टॅकिनिडी. यातल्या माश्यांची पिल्लं दुसऱ्या कीटकाच्या, बहुतेकदा अळीच्या, शरीरात वाढतात आणि शेवटी त्याला मारूनच बाहेर पडतात. जगभरात साडेआठ हजारांच्या आसपास जातींची नोंद झाली आहे, चार उपकुलं आहेत. शेतकऱ्याच्या दृष्टीनं यातल्या कितीतरी माश्या सोन्यासारख्या आहेत, कारण त्या घाटेअळी, खोडकिडा, लष्करी अळी यांना आतून पोखरतात. मात्र रेशीम करणाऱ्याला यातलीच एक माशी वैरीण वाटते. ती उझी माशी. आणि माझी चूक तिथूनच सुरू झाली.

माझा मावसभाऊ बारामतीकडे तुती लावून रेशीम करतो. त्याच्या शेडमध्ये मी उझी पाहिली होती. करडी माशी, पाठीवर चार काळसर उभे पट्टे, डोळे उघडे, म्हणजे त्यांवर केस नाहीत. माझ्या डब्यातली माशीही करडी, चार पट्ट्यांची, उघड्या डोळ्यांची. फोटो शेजारी शेजारी ठेवले तर बहिणी वाटाव्यात. उझीचं शास्त्रीय नाव एक्झोरिस्टा बॉम्बिसिस. मी अकरा माश्या पिनांवर लावल्या, सुंदर अक्षरात लेबलं लिहिली, 'एक्झोरिस्टा, यजमान प्लेन टायगर, वेताळ टेकडी', आणि पेटी घेऊन सरांकडे गेले.

सर शेतकी महाविद्यालयातून निवृत्त झालेले कीटकशास्त्रज्ञ. बीएस्सीला असताना एका सुट्टीत मी त्यांच्याकडे काम केलं होतं, त्यामुळे अजून ते मला एकेरीच हाक मारतात. त्यांनी पेटी उघडली, भिंग न लावताच लेबल वाचलं आणि विचारलं, "अंडं कुठंय?"

मला प्रश्नच कळला नाही.

"अगं, एक्झोरिस्टा अळीच्या अंगावर अंडं चिकटवते. चांगलं डोळ्यांना दिसतं. पांढरं, वरून घुमटासारखं, खालून चपटं. मॅगॉट आत शिरली तरी कवच बाहेर चिकटलेलं राहतं. तू सतरा अळ्या वाढवल्यास. एकीच्या तरी अंगावर दिसलं?"

नव्हतं दिसलं. पण मी ते शोधलंही नव्हतं. शिवाय अळ्यांनी टाकलेल्या काती मी रोज डबा साफ करताना विष्ठेबरोबर फेकून देत होते. कात टाकली की तिच्याबरोबर अंडंही जातं. म्हणजे अंडं नव्हतंच की होतं आणि मी कचऱ्यात टाकलं, हे सांगायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. माश्या तेवढ्या जपल्या होत्या. त्यांची कुंडली मी रोज सकाळी केराच्या टोपलीत टाकत होते. त्या दिवशी घरी येताना याचंच सगळ्यात वाईट वाटत राहिलं.

मावसभावाला फोन केला. तो म्हणाला, "उझी लागली की किड्यावर काळा डाग पडतो, तो बघायचा. तोच पुरावा." मॅगॉट कातडी भेदून आत गेली की तिथं किड्याचं शरीर काळं आवरण धरतं. मॅगॉट त्याचीच नळी करून बाहेरची हवा घेत राहते. रेशीमवाल्यांना हा डाग तोंडपाठ असतो. 1980 साली ही माशी कर्नाटकातल्या रेशीमपट्ट्यात शिरली आणि तेव्हापासून दारं-खिडक्यांना जाळी लावल्याशिवाय शेड उभी करता येत नाही. माझ्या प्लेन टायगरच्या एकाही फोटोत असा डाग नव्हता. फोटो मी भरपूर काढले होते, तेवढीच जमेची बाजू.

'उझी' हा मूळचा जपानी शब्द आहे. त्याचा अर्थ मॅगॉट. आणि जपानमध्ये रेशीमकिड्याला लागणारी ती पहिली उझी म्हणजे एक्झोरिस्टा नव्हेच, ती ब्लेफारिपा सेरिकारी. ती किड्याला हातही लावत नाही. तुतीच्या पानावर डोळ्यांना न दिसणारी बारीक अंडी घालते आणि किडा ती पानाबरोबर खातो. एकाच नावाखाली दोन वंश, आणि वागणं अगदी उलटं. जाळी लावून एक माशी अडवता येते, दुसरी पानांबरोबर आत येऊ शकते. नाव चुकलं तर उपायही चुकतो, हे मला तेव्हा नीट कळलं.

सरांनी मला पुन्हा शून्यापासून बसवलं. दर शनिवारी त्यांच्या घरी, माळ्यावरून काढलेल्या जुन्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकापुढे.

पहिला धडा पाठीवरचा. माशीच्या छातीच्या मागच्या टोकाला त्रिकोणी ढालीसारखा भाग असतो, स्क्युटेलम. टॅकिनिडमध्ये त्याच्या खाली एक फुगीर उशी असते, सबस्क्युटेलम. माशी आडवी धरून बाजूनं पाहिलं की ढालीखाली दुसरा उंचवटा स्पष्ट दिसतो. मांसमाशीत, म्हणजे सार्कोफॅगामध्ये, तो नसतो. हा धडा मला फार उपयोगी पडला, कारण माझ्या अकरा माश्यांतल्या दोन टॅकिनिड नव्हत्याच! एका डब्यातली अळी मरून पडली होती आणि मी तो दिवसभर उघडा ठेवला होता. मांसमाशी आली, तिनं जिवंत पिल्लं सोडली आणि ती मेलेल्या अळीवर वाढली. पाठीवर चारऐवजी तीन पट्टे, पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, अँटेनावरचा केस, म्हणजे अरिस्टा, पिसासारखा. सगळं समोर होतं, पण मी 'करडी माशी' एवढंच पाहिलं होतं. अरिस्टावर मात्र सरांनी विसंबू दिलं नाही, कारण टॅकिनिडांतल्या डेक्सिनी उपकुलात कितीतरी माश्यांचा अरिस्टाही पिसासारखाच असतो.

मग उजेड. मी गोल एलईडी दिवा लावत होते आणि त्याच्या चकाकीत डोळ्यांवरची लव पार नाहीशी होत होती. सरांनी दिवा काढला, एका बाजूनं टेबललॅम्प ठेवला, मध्ये ट्रेसिंग पेपर धरला आणि माशी हळूहळू फिरवली. ज्या डोळ्यांना मी उघडे म्हणाले होते, त्यांतल्या एका माशीच्या डोळ्यांवर पहाटेच्या दवासारखी विरळ लव चमकली. ती माशी माझ्या प्लेन टायगरची नव्हती, सरांच्या जुन्या पेटीतली होती. पण मी त्यानंतर कुठल्याही डोळ्याला दोन बाजूंनी उजेड दिल्याशिवाय 'उघडा' लिहिलेलं नाही.

राठ केसांचं शास्त्र हे या माश्यांचं खरं व्याकरण. कुठे किती केस, कुठल्या दिशेला झुकलेले, ढालीच्या टोकाचे एकमेकांना छेदतात की समांतर जातात. माझ्या माश्यांचे निम्मे केस तुटलेले, कारण मी त्या डब्यात फडफडू दिल्या होत्या. सर म्हणाले, "केस गेला तरी खोबण जात नाही." खरंच. जिथे राठ केस असतो तिथे कातडीत गोल खळगा असतो, आणि साध्या बारीक केसाच्या खळग्यापेक्षा तो मोठा असतो. त्या शनिवारी मी तीन तास नुसते खळगे मोजले. डोळे दुखले, पण मग कळलं की तुटलेला नमुनाही वाचता येतो.

आणि एक माशी मी स्वतः खराब केली होती. ती कुपीतून बाहेर आली त्याच संध्याकाळी मी डबा फ्रीजरमध्ये ठेवला. तिचं कातडं अजून कडक झालं नव्हतं. पिनेवर दोन दिवसांत चेहरा आत बसला, पोट सुरकुतलं आणि पट्ट्यांचा रंगही धड आला नव्हता. आता मी बाहेर आलेल्या माशीला दीड-दोन दिवस पाण्याचा बोळा आणि मधाचं बोट देऊन ठेवते. तेवढी वाट पाहणं आपण तिचं देणं लागतो.

दुसऱ्या वर्षी मी काती जपल्या. निदान जेवढ्या मिळाल्या तेवढ्या, कारण प्लेन टायगरची अळी आपली कात बहुतेकदा स्वतःच खाऊन टाकते. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येक अळी भिंगाखाली, डोक्यापासून शेवटापर्यंत. एकाही अळीवर अंडं नाही, एकही काळा डाग नाही. तरीही नऊ कोशांतून धागे लोंबले.

सरांना फोन केला तर म्हणाले, "मग मादी धर. पोरी तुझ्याकडे आहेत, आता आई आण."

डब्यात जन्मलेल्या मादीच्या पोटात तयार अंडी नसतात, तिला मीलन आणि काही दिवस लागतात. म्हणून टेकडीवरची, रुईभोवती फिरणारी मादी हवी होती. सप्टेंबरातल्या एका उघडिपीच्या सकाळी मी जाळी घेऊन एका मोठ्या रुईपाशी पावणेदोन तास उभी राहिले. फिरायला येणारी मंडळी थांबून विचारत होती, "काही हरवलंय का?" शेवटी एक करडी माशी आली, अळीनं कुरतडलेल्या पानाच्या कडेकडेनं चालू लागली, थांबायची, पोटाचं टोक टेकवायची, पुढे सरकायची. अळी हातभर अंतरावर होती. तिच्याकडे माशीनं पाहिलंही नाही.

ती जाळीत आली.

घरी वॉचग्लासमध्ये सलाईन घेतलं, दोन बारीक सुया घेतल्या. आधी तिचं डोकं, पंखांच्या शिरा, ढालीवरचे केस, पाय, सगळं डब्यातल्या माद्यांशी ताडून पाहिलं, कारण पुढे जे दिसेल ते त्याच माशीचं आहे याची खात्री हवी होती. मग पोट बाजूनं उघडलं. आधी पिवळट चरबी निघाली. ती सुईनं बाजूला सारली आणि खालून एक लांब, वेटोळी नळी वर आली. नळी काळ्या दाण्यांनी गच्च भरलेली होती. खसखशीपेक्षा कितीतरी बारीक दाणे, एकाला एक लागून, रांगाच्या रांगा. सुईचं टोक लागलं तशी नळी फाटली आणि सलाईनमध्ये काळी रांगोळी पसरली. मी तीनशेपर्यंत मोजले आणि थांबले. अजून निम्मीही नळी झाली नव्हती.

एक्झोरिस्टाच्या पोटात अशी अंडी असूच शकत नाहीत. तिची अंडी मोठी आणि पांढरट. ही पानावर टाकायची सूक्ष्म अंडी होती. अळी पान खाते, तिच्या पोटात गेल्यावर अंडं फुटतं, मॅगॉट आतड्यातून शरीरात शिरते. म्हणून अंगावर अंडं नाही, डाग नाही. आणि म्हणून हजारो अंडी लागतात, कारण त्यातली किती अळीच्या तोंडात पडतील याची काहीच शाश्वती नाही.

मी रात्री साडेदहाला सरांना फोन केला. ते म्हणाले, "छान. आता ती काय नाही ते कळलं. ती काय आहे ते उद्या बघू."

हे मला महत्त्वाचं वाटतं. अंड्यानं एक्झोरिस्टा बाद झाली, पण सूक्ष्म अंडी घालणारे वंश पुष्कळ आहेत. घाटेअळीवरची गोनिऑफ्थॅल्मस त्यातलीच. तिथून पुढे पुन्हा किल्ली, म्हणजे एकेक लक्षण ताडत नावापर्यंत नेणारा तक्ता, पुन्हा केस, पुन्हा पंखाची ती शीर जी टोकाकडे जाता जाता एकदम वर वळते. यजमान कोण हेही जमेला धरलं. शेवटी एका जुन्या संग्रहातल्या, जाणकारानं ओळखून ठेवलेल्या नमुन्याशी सरांनी माझ्या माश्या ताडून पाहिल्या आणि 'स्टर्मिया' म्हणाले. स्टर्मिया कन्व्हर्जन्स ही जात प्लेन टायगरवर वाढते, हे आधीपासून माहीत असलेलं आहे. मी काही नवं शोधलं नाही. पण वेताळ टेकडीवरच्या एका रुईवर ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्याचा प्रत्येक दुवा आता माझ्याकडे पेटीत आहे.

यानंतर मुलांनीच नाद धरला. सिंहगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका विद्यार्थ्यानं केसाळ सुरवंट आणला, आणि सांगण्याआधीच त्याच्या अंगावर अंडी शोधली होती. होतीही, पण ती चिकटलेली घुमटं नव्हती. भिंगाखाली प्रत्येक अंडं एका छोट्या देठावर उभं होतं. त्यातून निघालेल्या माशीच्या डोळ्यांवर मऊ दाट लव, आणि मागच्या पायाच्या नडगीवर एकसारख्या केसांची ओळ, अगदी फणीच्या दात्यांसारखी. कॅर्सिलिया. स्टर्मियाला तीन वर्षं लागली होती, इथे एका संध्याकाळीत वंशापर्यंत आलो. मात्र तिच्या शेजारचा सेनोमेटोपिया वंश वेगळा काढताना पुन्हा अडकलो. शेतकीच्या जुन्या टिपणांत घाटेअळीवरची माशी 'कॅर्सिलिया इल्लोटा' म्हणून येते आणि नव्या याद्यांत तीच 'सेनोमेटोपिया इल्लोटा' असते. जुनं वाचताना हे डोक्यात ठेवावं लागतं.

या नावांच्या गुंत्याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात रोबिनो-देव्होआदी नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं या माश्यांचे ढीगभर वंश पाडले, कॅर्सिलियाही त्याचाच, 1830 चा. पुढे अमेरिकेच्या टाउनसेंडनं हजाराहून अधिक वंश केले. एकेका केसाच्या फरकावर नवं नाव. नंतरच्यांना ती पुन्हा एकत्र बांधत बसावं लागलं. आपल्या भागासाठी ते मोठं काम रॉजर क्रॉस्की यांनी केलं. 1976 साली त्यांनी भारत धरून सगळ्या पौर्वात्य प्रदेशातल्या टॅकिनिडांची मांडणी केली आणि आजही सरांच्या टेबलावर तिचीच झिजलेली झेरॉक्स असते. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या भारतातल्या प्राण्यांवरच्या ग्रंथमालेत निळ्या-हिरव्या माश्यांचा खंड 1940 मध्ये आला, टॅकिनिडांचा आलाच नाही. ज्या माश्या आपल्या हरभऱ्यावर, तुरीवर, उसावर फुकट राबतात त्यांच्यासाठी आपल्याकडे इतकं कमी लिहिलं गेलं, याचं मला मनापासून दुःख होतं.

हल्ली ओळखीचे लोक फोनवर फोटो पाठवतात, "ही कुठली माशी?" मी कुलापर्यंत सांगते. वंश विचारला की म्हणते, ती कशातून निघाली ते सांगा, अळी कुठल्या झाडावर होती ते सांगा, टरफल ठेवलंय का सांगा. फुलावर बसलेल्या करड्या माशीचा वंश फोटोवरून छातीठोक सांगणारे भेटतात, पण मी तसं करणार नाही.

अकरापैकी नऊ माश्या अजून पेटीत आहेत. सरांनी 'स्टर्मिया' म्हटल्यावर मी जुनी लेबलं काढायला चिमटा उचलला, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे. पुढच्याला कळू दे की तू आधी काय समजली होतीस." त्यामुळे प्रत्येक पिनेवर आता वरून खाली अशी उतरंड आहे: माशी, मग कागदाच्या तुकड्यावर चिकटवलेलं तिचं टरफल, मग ठिकाण, तारीख आणि 'रुई, प्लेन टायगरच्या कोशातून', मग माझ्या अक्षरातलं 'एक्झोरिस्टा', आणि त्याखाली सरांच्या थरथरत्या अक्षरातलं 'स्टर्मिया'. त्याच्याही खाली पिनेवर अर्धा बोट जागा मोकळी सोडली आहे.